चौकातलं बटण

प्रेमाला वेळेचं बंधन नसतं, असं या विषयातले जाणकार सांगत आले आहेत. त्या चौकात ते होतं. पायी चालणाऱ्यांना हिरवा दिवा अकरा सेकंद मिळायचा, आणि त्यात जे काय करायचं ते, प्रेमासकट, उरकून पलीकडच्या फुटपाथवर पोचायचं, असा पालिकेचा आग्रह होता.

ती या आग्रहाच्या साफ विरोधात होती. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवायचे, खांदे फिरवायचे, "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत आडवी झालेली माणसं पुन्हा चालती करायची, हे तिचं काम. आणि चालती झालेली माणसं दवाखान्यातून बाहेर पडली, की समोरच्या सिग्नलला अडकायची. तो रस्ता अकरा सेकंदांत ओलांडायला नवे गुडघे पुरत नव्हते, मागे कुत्रं लागावं लागायचं.

सिग्नलच्या खांबावर एक बटण होतं. त्याखाली लिहिलेलं: 'जास्त वेळ हवा असल्यास बटण दाबा.' ती रोज दाबायची. अंगठ्याने, मुठीने, कधी छत्रीच्या दांड्याने. वेळ तेवढाच.

त्या सकाळी ती अशीच बटणावर तुटून पडली असताना शेजारून आवाज आला.

"मॅडम, एकदा दाबलं तरी पुरे असतं."

तिने वळून पाहिलं. चष्मा, इस्त्री विसरलेला शर्ट, खिशाला पेनाच्या जागी छोटा स्क्रू ड्रायव्हर. चेहरा इतका शांत, की बघताच राग यावा.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी बनवलंय."

"हे बटण?"

"बटणामागचं सर्किट. या सगळ्या दिव्यांचंच."

कित्येक महिने ती ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत आली होती, तो हातभर अंतरावर उभा होता. आणि, हे तिला नंतर स्वतःशी कबूल करावं लागलं, त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती.

"लाज नाही वाटत?"

"वाटते... पण दुसऱ्या गोष्टींची. या सर्किटचा मला अभिमान आहे." तो खरंच म्हणाला तसं! "असं बघा, बटणाच्या आत एक पातळ पत्रा असतो. तुम्ही दाबलं की तो दुसऱ्या पत्र्यावर आदळतो आणि थरथरतो. लागतो, सुटतो, लागतो, सुटतो. तुम्हाला वाटतं एकदा दाबलं, सर्किटला वाटतं वीसदा. त्या बिचाऱ्याला दोनच शब्द कळतात, हो आणि नाही. म्हणून मी त्याला थांबायला शिकवलंय. थरथर संपेपर्यंत गप्प बसायचं. सगळं स्थिर झालं, की मगच मोजायचं... हो."

"आणि मी दहादा दाबलं तर?"

"तरी एकदाच."

"आणि माझी आत्या रस्त्याच्या मधोमध अडकली तर? तिला कितीदा मोजता?"

दिवा हिरवा झाला, आणि उरलेलं भांडण त्यांना धावत धावत करावं लागलं.

"उद्या सकाळी या इथे," पलीकडे पोचल्यावर ती धापा टाकत म्हणाली. "तुमचा अभिमान दाखवते तुम्हाला!"

आत्या हे तिच्या रागाचं खरं कारण होतं. या आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलेलं, आणि मोहरीसारखी कधीही उडते म्हणून 'तडतडी' हे नावही तिनेच दिलेलं. आत्याचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले. घर आणि दवाखाना रस्त्याच्या या बाजूला, आणि त्या बाजूच्या वाचनालयात आत्याचा बुद्धिबळाचा अर्धवट राहिलेला डाव. समोर एक निवृत्त दंतवैद्य.

"माझा वजीर त्याच्या राजाच्या उरावर बसलाय, तडतडे," आत्या खिडकीतून वाचनालयाच्या दाराकडे बघत रोज म्हणायची. "आणखी दोन खेळ्या, की संपला. आणि पट सांभाळतोय कोण? तोच! त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा? माझा चांगला दात काढलाय त्याने."

डाव संपवल्याशिवाय आत्या बरी होणार नव्हती, हे फिजिओथेरपिस्ट म्हणून तिचं ठाम मत होतं.

दुसऱ्या दिवशी सर्किटवाला तिच्या आधीच येऊन उभा होता. भांडायला येणारा माणूस दाढी करून येत नाही, हे आत्याने काठी टेकता टेकता टिपलं.

"हा कोण?"

"सर्किट बनवतात हे."

"दिसतंय," आत्या म्हणाली.

त्याने बटण दाबलं, एकदाच आणि अगदी हलकेच, जसं लहान बाळाच्या नाकाला हात लावावा. दिवा हिरवा झाला. आत्या निघाली, शेजारी ती. रस्त्याचा मध्य येतो न येतो तोच हिरवा लुकलुकला आणि विझला. समोरून ट्रक सुटला. सर्किटवाला फुटपाथवरून धावत आला आणि दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभा राहिला, जणू तो सर्किटमधला एखादा भाग आहे आणि वीज आपल्याला विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही.

ट्रक थांबला. थांबताना त्याने डबक्यातलं सगळं पाणी या तिघांच्या अंगावर उडवलं. पाऊस नव्हता. प्रेमकथेत तो असायला हवा हे मान्य, पण पालिकेची पाइपलाइन फुटलेली होती, तेव्हा काम भागलं.

आत्याला कशीबशी परत फुटपाथवर आणलं, तेव्हा आपण त्याची बाही घट्ट धरून ठेवली आहे हे तिच्या लक्षात आलं. त्याच्या चष्म्यावरून थेंब ओघळत होते. तिने रुमाल पुढे केला. त्याने तो घेतला, आणि चष्मा पुसायचा विसरून नुसता हातात धरून राहिला.

"असं होणार नाही," तो पुटपुटला. "बटण दाबलं होतं मी. वेळ दुप्पट व्हायला हवा. होऊच शकत नाही असं."

"झालं ना पण?"

"सर्किटमध्ये तसं—"

"उघडा तो खांब."

त्याने खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून खांबाचं झाकण उघडलं. आत एक चपटा झालेला कागदी कप होता आणि कोळ्याचं जाळं. बटणाच्या पाठीवर दोन पितळी टोकं होती, त्यांना काहीही जोडलेलं नव्हतं. कधीच नव्हतं; पितळ अजून नवंकोरं चमकत होतं.

त्याने दोन्ही टोकं बोटाने चाचपून पाहिली. मग त्याचे कान लाल झाले.

"त्या थरथरीसाठी... अख्खा उन्हाळा त्या थरथरीवर बसलो होतो मी. आणि यांनी... वायरच... म्हणजे इतके दिवस लोक... हरामखोर!"

तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्याइतकं संतापलेलं माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मग दोघांची पालिकेत ये-जा सुरू झाली. लोक बागेत जातात, हे कार्यालयात जाऊ लागले.

"बटण बसवण्याचं काम पूर्ण झालेलं आहे," रस्ते विभागातले साहेब म्हणाले.

"पण ते जोडलेलं नाही!"

"बसवणं आमच्याकडे. जोडणं विद्युत विभागाकडे."

विद्युत विभागाकडे नुसते दिवे होते, बटणाबद्दल त्यांनी ऐकलंही नव्हतं. दोघं परत रस्ते विभागात.

"मुळात तक्रार कुठे आलीये?" साहेबांनी विचारलं.

"मी रोज ते बटण दाबत होते!"

"बटण दाबणं म्हणजे तक्रार नव्हे, मॅडम. आणि लोकांना दाबायला काहीतरी लागतंच. नुसतं उभं राहून कंटाळतात."

बाहेरच्या बाकावर बसून दोघं मशीनचा चहा प्यायचे. चहा वाईट होता, पण बाक अरुंद होता.

"सकाळी तुम्हाला उठवतं कोण?" एकदा त्याने विचारलं.

"आत्या."

"आत्या सोडून."

"मोबाइल."

"त्यात सर्किट. मग गरम पाणी, वॉशिंग मशीन, लिफ्ट. लिफ्टचं बघा, दार नीट लागलेलं हवं आणि कोणीतरी बटणही दाबलेलं हवं. दोन्हीकडून हो आलं तरच ती हलते. एक जरी नाही असेल... तर नाही."

"म्हणजे मी दिवसभर भिंतींना परवानग्या मागत हिंडते तर."

"परवानगी नाही हो. तुम्ही विचारता, ते उत्तर देतं."

"आणि आत वायरच नसेल तर?"

"मग आपण विचारत राहतो," तो कपात बघत म्हणाला. "वर आपल्यालाच वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने कपाकडे.

"माणसांचंही तसंच असतं का?" तिने जरा खालच्या आवाजात विचारलं. "दोन्हीकडून हो?"

"असावं," तो म्हणाला, आणि चहा सांडला.

पण शेवटच्या फेरीत साहेबांनी कळस केला. बटणाचा लोकांना त्रास होत असेल तर ते काढून टाकता येईल, असं त्यांनी सुचवलं. बाहेर व्हरांड्यात येताच तिचा तोल सुटला.

"म्हातारी होईन मी या बाकावर! यांच्याशी भांडण्यात जन्म घालवण्यापेक्षा तुम्हीच लग्न करा माझ्याशी, निदान भांडायला हक्काचं कोणीतरी असेल!"

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. तो मात्र जागचा हलला नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे... मी आत्ता मोजत नाही," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"थरथर आहे. जरा स्थिर होऊ दे."

तिला नकार चालला असता. पण आपल्याला बटणातला पत्रा समजणाऱ्या माणसाला माफी नव्हती. ती ताडताड निघून आली, आणि नंतरचे दिवस दवाखान्यातल्या गुडघ्यांनी फार सोसलं.

"फोन केला त्याने?" आत्या विचारायची.

"नाव काढू नकोस."

"मी कुठे काढलं? त्याचं नाव तरी ठाऊक आहे का मला?"

त्याचाही फोन नव्हता. रात्री दिवा मालवताना तिचा हात बटणावर थांबायचा, आणि स्वतःचीच चीड यायची.

रविवारी सकाळी आत्याने खिडकीतून हाक मारली. "तडतडे, तुझा सर्किट खांबाला लटकलाय."

ती खाली आली, मागोमाग काठी टेकत आत्या. तो खांबाजवळ गुडघ्यावर बसला होता. झाकण उघडं, दातांत टेप, हातात पिवळी वायर.

"परवानगी मिळाली?" रागावलेली होती, तरी तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"तुमच्या कंपनीला माहितीये?"

"पालिकेच्या खांबाला हात लावलास तर सोमवारपासून येऊ नकोस, म्हणालेत." त्याने टेप गुंडाळला. "अजून सोमवार कुठे झालाय?"

"वेड लागलंय तुम्हाला."

"राग आलाय," तो म्हणाला. "तुमच्याकडून शिकलो."

झाकण लागलं. तो बाजूला झाला. "आत्या, तुम्ही दाबा. एकदाच."

आत्याने काठी डाव्या हातात घेतली आणि एकदाच दाबलं. दिवे बदलले. हिरवा आला... आणि टिकला. आत्या निघाली. घाई नाही, गडबड नाही. मधोमध पोचल्यावर ती मुद्दाम थांबली, ताटकळलेल्या गाड्यांकडे एक नजर टाकली, पदवीदान समारंभाला आल्यासारखी मान हलवली आणि पुढे चालू लागली.

तिच्या मागे ही दोघं. रस्त्याच्या मध्यावर तोही थांबला.

"त्या दिवशी व्हरांड्यात जे म्हणालात... अजून तसंच आहे का?"

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिने त्याची बाही धरली.

"हो."

"नक्की? म्हणजे राग वगैरे—"

"राग आहेच, तो जाणार नाही. हो, अरे! हो, हो, हो! दहादा दाबलं तरी एकदाच मोजतोस ना? मग मोज की!"

त्याच्या डाव्या गालाला खळी पडली.

"मोजलं," तो म्हणाला.

हिरवा लुकलुकायला लागला. थांबलेल्या गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले.

"चालता चालता बोला!" पलीकडून आत्या ओरडली. "नवे गुडघे माझे आहेत, तुमचे नाहीत!"

वाचनालयात पट तसाच होता, वरून स्वच्छ रुमालाने झाकलेला. दंतवैद्यांनी एकही मोहरा हलवला नव्हता. आत्याने दोन खेळ्यांत डाव संपवला, आणि तेवढ्यासाठी इतके महिने थांबलेल्या माणसाकडे पहिल्यांदाच जरा नीट निरखून पाहिलं.

त्याची नोकरी गेली नाही. ते बटण चालू झालं आहे, हे पालिकेला अजून कळलेलं नाही. शहरातल्या बाकीच्या बटणांना वायर नाही.