पाळणाघराचा कॅमेरा

वाळूजच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं रामकिसन बघायचा. ऑफिसच्या इंटरनेटवर क्रिकेट कोण बघतं, ऑफिसच्या ईमेलवरून लग्नपत्रिका कोण धाडतं, हे त्याला बसल्या जागी कळायचं. त्यामुळं मॅनेजर सार्थक साहेबांनी बोलावलं तेव्हा त्याला काही वेगळं वाटलं नाही.

"मेघाच्या नावानं अजून तो पाळणाघराचा कॅमेरा बघितला जातोय," साहेब आवाज उतरवून म्हणाले. "रोज, जेवणाच्या सुट्टीत. तिचा पासवर्ड कुणीतरी वापरतंय. बरं दिसत नाही. आज तिचं खातं बंद करून टाका."

मेघा खरेदी विभागात होती. दिवाळीनंतर डेंग्यूनं गेली. तिची लहानगी श्रेया गारखेड्याच्या पाळणाघरात असायची. तिथला कॅमेरा आईबापांना मोबाईलवर बघता यायचा. पण कारखान्यात मोबाईल गेटवरच जमा करावे लागत. तेव्हा मेघानं रामकिसनला गाठलं होतं. "दादा, नियमात बसत नाही, माहीत आहे. जेवताना तेवढं लेकराला बघू द्या." साहेबांना विचारून त्यानं तिच्या कॉम्प्युटरवर तेवढी वाट मोकळी ठेवली. मग ती एका हातानं पोळी तोडत पडद्याकडं बघत बसायची. पोरगी झोपली की लगेच कामाला लागायची.

सुट्टीचा भोंगा झाला. शेडमधली मशिनं एकेक करून थांबली, माणसं कँटीनला गेली. पासवर्ड चोरणारा सापडेल म्हणून रामकिसन खरेदी विभागात एकटाच थांबला. मेघाच्या जागेवर अजून कुणी आलं नव्हतं. खुर्ची टेबलात सरकवलेली, कीबोर्डवर धूळ.

आणि पडदा आपोआप उजळला.

शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला. मेघाच्या डब्यात ती रोज असायची. रामकिसननं आजूबाजूला पाहिलं. टेबलं सगळी रिकामी होती.

पडद्यावर पाळणाघराची खोली दिसत होती. सतरंजीवर लेकरं ओळीनं झोपलेली. एकटी श्रेया जागी होती. ती उताणी पडून थेट कॅमेऱ्यात बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

पडद्यावरचा बाण हलला. माऊस जागचा हलला नव्हता. बाण सावकाश सरकत पोरीच्या कपाळाशी आला, केसांवरून खाली गेला, पुन्हा वर आला... पुन्हा खाली. निजवताना आईचा हात फिरतो तसा.

रामकिसनचे पाय पळायला बघत होते, पण डोळ्यांत पाणी आलं आणि तो तिथंच उभा राहिला.

"मेघाताई..." तो कसाबसा म्हणाला, "हे मला बंद करावं लागंल."

बाण थांबला. बराच वेळ थांबला.

"झोपू द्या तिला. मग करतो."

बाण पुन्हा फिरू लागला. श्रेयाचे डोळे जड झाले, मिटले. तरी रामकिसन थोडा वेळ तसाच उभा होता. मग खाली वाकून त्यानं त्या कॉम्प्युटरची वायर काढली, जागेवर जाऊन मेघाचं खातं बंद केलं आणि हात जोडले. त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. पाळणाघराच्या साळूबाई होत्या. कॅमेरा जोडून देताना त्यांची ओळख झाली होती.

"साहेब, कॅमेऱ्याला काय केलं का तुम्ही?"

"नाही. का हो?"

"श्रेया रोज त्याच्याकडं बघून बोलायची. आई बघती म्हणायची. आम्ही म्हणायचो, बोलू द्या लेकराला. आज तिकडं बघतच नाय." साळूबाईंनी आवाज बारीक केला. "आज सतरंजीच्या कडंला सरकून निजली. शेजारी जागा सोडली. तिथं दुसरं लेकरू निजवायला गेले, तर तिनं हात आडवा घातला."

"झोपली का ती?"

"व्हय, झोपली. लई गाढ. हलवलं तरी उठंना..." आवाज आणखी बारीक झाला. "साहेब, पोरीचं अंग गार लागतंय. आणि शेजारची ती मोकळी जागा... ती गरम हाय."