परातीवरचा ओळंबा

विनायकच्या घरात नव्या सुनेचं नाव बदलायची रीत होती. परातीत तांदूळ पसरायचे, अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं आणि पेढे वाटून मोकळं व्हायचं. प्रियांकाची सीता झाली ती अशी. तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. ते नाव दुसऱ्या दिवशी भातात शिजून गेलं, असं ती मैत्रिणींना सांगायची.

खरी कटकट ओळंब्याची होती. सासऱ्यांनी हुबळीतलं हे घर बांधताना भिंती सरळ आहेत का ते बघायला वापरलेला, टोकदार पितळी गोळा. ते गेल्यावर सासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या मंगलाअक्का, तो दोऱ्याला धरून त्याच परातीतल्या तांदळावर टांगायच्या आणि प्रश्न विचारायच्या. पुढं-मागं हलला तर हो, गोल फिरला तर नाही. भाजीपासून बारशापर्यंत सगळं तोच ठरवायचा. विनायकचं कोप्पीकर रोडवर कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी तो तासभर हुज्जत घाली, पण ओळंब्यापुढं त्याचा नंदीबैल व्हायचा.

प्रियांकाला गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात यंत्राचे भाग तपासण्याची नोकरी लागली. त्या दुपारी परात निघाली.

"हिचं नाव सीता, हौदु? होय ना?" अक्कांनी आधी विचारलं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न पहिला, म्हणजे ओळंबा जागा झालाय का ते कळतं. तो पुढं-मागं हलला.

"हिनं नोकरीला जावं?"

तो गोल फिरला.

"झालं. विषय संपला," अक्का म्हणाल्या.

"संपला कसा?" प्रियांका उसळली. "पहिलंच माप खोटं धरलंय. त्यावर जुळवलेलं पुढं सगळं खोटंच निघणार. माझं खरं नाव विचारा."

"नको गं. तसं विचारायचं नसतंय."

"मग मी विचारते. हातात नाही धरत, बांधूनच ठेवते."

झोपाळ्याच्या रिकाम्या कडीला तिनं दोरा बांधला. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. ओळंबा तांदळावर बोटभर उंच, निश्चल लटकला.

"माझं नाव प्रियांका ना?"

काहीच झालं नाही. तिनं अक्कांकडं जिंकल्यासारखं पाहिलं. तेवढ्यात वर कडी कुरकुरली.

ओळंबा फिरू लागला. गोल.

घेर वाढत गेला. टोक तांदळाला लागत नव्हतं, तरी तांदूळ बाजूला सरकत होते.

तिनं तो मुठीत पकडला. पितळ थंडगार होतं, आणि मुठीतही ओढत होतं.

"हे बघ," ती त्याला म्हणाली, "माझं बारसं तुला विचारून झालं नव्हतं."

अक्का भिंतीला टेकल्या होत्या. "मीपण एकदा विचारलं होतं," त्या पुटपुटल्या. "माझं माहेरचं नाव."

"काय होतं ते?"

अक्कांनी तोंड उघडलं.

"आठवंना झालंय गं."

प्रियांकाला भीती वाटली, पण त्याहून जास्त संताप आला. दुसऱ्या दिवशी तिनं ओळंबाच पर्समध्ये टाकला, म्हणजे घरात कोणी काही विचारायला नको. स्कूटर काढताना विनायक दारात आला.

"अक्काला दुखवून जाऊ नको."

"तू आधी त्यांचं माहेरचं नाव शोधून आण," ती म्हणाली आणि निघाली.

कारखान्याच्या फाटकावर नाव विचारलं तेव्हा तिनं "प्रियांका" असं इतकं ठणकावून सांगितलं, की वॉचमनला हसू आलं. सकाळ झकास गेली. दुपारी डबा उघडला आणि धारवाडहून, मळमड्डीतून आईचा फोन आला. नाव बदलताना भर मांडवात भांडलेली तिची आई. सीता हे नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"जेवलीस का गं, सीता?"

प्रियांकाच्या हातातला घास तसाच राहिला. "आई, मला नावानं हाक मार."



"आठवंना झालंय बघ," आई रडवेली होऊन म्हणाली.

पर्समध्ये काहीतरी किल्ल्यांना लागून हळूहळू वाजायला लागलं. प्रियांकानं पर्स कोपरानं दाबून धरली.

"रडू नको. मी सांगते, लिहून घे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "प्रि. यां."

तिसऱ्या अक्षरापाशी तिला थोडं थांबावं लागलं.