एक बूट ठेवून जा

आधी मला तो दिसलाच नाही. दिसले ते त्याचे बूट. म्हणजे बूटसुद्धा नाही... चिखलातले ठसे.

सेमिनरी हिलच्या मागच्या अंगाने एक पायवाट उतरते ना, ती खाली नाल्यापाशी कायम ओली असते. दसरा जवळ आला तरी तिथली माती वाळायचं नाव घेत नाही. तिथं रोज सकाळी माझ्या आधी कोणीतरी पळून गेलेलं असायचं. डाव्या पायाचा ठसा चौकड्यांचा आणि उजव्या पायाचा नागमोडी. पहिल्या दिवशी वाटलं, दोन माणसं गेली असतील. पण मग काय दोघंही लंगडी घालत गेली? खाली बसून नीट पाहिलं. माणूस एकच होता, पण त्याचे दोन्ही बूट वेगवेगळे होते.

झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला.

खरं तर मला असं थांबायला वेळच नसतो. आमची मेस आहे. सकाळी उठायचं, कणीक भिजवायची, भाजीला फोडणी द्यायची आणि आई पोळ्या लाटायला बसली की मधे जो तासभर सुटतो तो माझा. परत आलं की मेसच्या पोट्ट्यांचे डबे भरायचे, आंघोळ उरकायची आणि सीताबर्डीवर चष्म्याच्या दुकानात संध्याकाळपर्यंत लोकांचे डोळे तपासायचे. तो एक तास कोणी मागितला तर मी भांडायला उठते. मागच्या महिन्यात उमरेडचे लोक मला पाहायला आले होते. मुलाच्या मावशीनं विचारलं, "सकाळी पळायले जाते? मंग घरचा चहा कोण करते?" मी म्हटलं, "ज्याले प्यायचा असंन तो." आईनं कपाळाला हात लावला आणि ते स्थळ गेलं ते गेलंच.

तर एके दिवशी वांगी लवकर शिजली आणि मी रोजच्यापेक्षा आधी पोचले. वळणावर समोरून एक उंच मुलगा उतरत होता. मी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, आधी पायांकडे पाहिलं. डावा निळा, उजवा राखाडी!

"ओ भाऊ! थांबा जरा!"

तो थबकला. "काय झालं? पडल्या काय?"

"नाही. तुमचे बूट पाहायचे आहेत."

त्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि हसला. हसताना त्याचे कान लाल झाले. मला उगाचच ते आवडलं.

"म्हणजे तुम्हीच त्या!"

"कोण त्या?"

"फोडणीवाल्या! मी वरून परत येतो न, तवा या वळणावर रोज लसणाचा वास असते. जंगलात लसूण! मले वाटे, कोणी चूल मांडून बसलं का काय." त्यानं डोळे मिटून हवा हुंगली. "आज... आलू-वांगं. सांबार जरा जास्तच पडला."

मी बाही नाकाशी नेली. बाप्पा! खरंच कोथिंबिरीचा वास येत होता.

"आमची मेस आहे," मी म्हटलं. "तुमचे बूट असे काहून?"

"ओळखा."

"ओळखलं तर?"

"तर चहा माझ्याकडून."

"नाही ओळखलं तर?"

"तर तुमच्याकडून. चहा तर होणारच आहे."

त्याचं नाव प्रशिक. आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवतो. घर गिट्टीखदानात, विहाराच्या मागे, निळ्या फाटकाचं. आई नाही, घरी फक्त वडील. एवढं सगळं त्यानं एका चढावर सांगितलं, आणि मी धापा टाकत ऐकलं, कारण त्या चढावर मला बोलता येत नाही हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

मग रोजचा खेळ सुरू झाला. मी नाल्यापाशी पोचायचे, तो तिथं उगाच लेस बांधत बसलेला असायचा. तो भाजी ओळखायचा, मी बुटांचं कारण.

"अंधारात घातले?"

"नाही. आज बरबटी."

"कुत्र्यानं पळवला एक?"

"नाही. मेथी. धुतली नाही काय नीट?"

"ए! धुतली होती!"

"मी तर सहज म्हटलं," तो म्हणायचा आणि हसत पुढे पळायचा. मी मागून ओरडायचे, माझा आवाज झाडीत घुमायचा आणि मोर दचकून ओरडायचे.

एकदा नाल्यावरचा दगड हलला आणि मी घसरले. त्यानं हात दिला. मी पलीकडे पोचले तरी हात... राहिला. दोघांनाही सोडायचं सुचलं नाही की काय कोण जाणे! शेवटी तोच म्हणाला, "झुणका?" मी म्हटलं, "हाव." त्या दिवशी मी डब्यांत झुणका भरताना एकटीच हसत होते. आई म्हणाली, "भूत लागलं काय वं तुले?"

माझे अंदाज संपले. टपरीवर चहाचे पैसे मीच दिले आणि म्हटलं, "आता सांगा. नाहीतर मले झोप येणार नाही."

त्यानं चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला.

"बाबा लपवतात," तो म्हणाला. "जोडातला एक बूट. ते विसरतात आताशा. दिवस कोणता, जेवण झालं का... सगळंच. पण माझा जोड दिसला की त्यातला एक उचलून न्यायचं विसरत नाहीत. मी जाऊ नये म्हणून. मंग मी दुसरा जोड घेतला. त्यातलाही एक नेला! परत उचलला तर घरभर शोधत बसतात. आता जे उरले ते हे दोन."

मला हसू आलं, ते अर्ध्यातच थांबलं. "मंग तुम्ही..."

"लपूनछपून निघतो. ते उठायच्या आत परत जातो. मंग त्यांची आंघोळ, नाश्ता, औषध... शेजारच्या काकू दिवसभर पाहतात. हा एक तास भेटला नाही न गुंजन, तर मी दिवसभर त्यांच्यावर चिडतो. आणि चिडलो की मले रात्री लाज वाटते."

त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती. मला वाटलं, हा एक माणूस आहे ज्याला माझा तास समजावून सांगावा लागणार नाही.

दोनच दिवसांनी तो नाल्यापाशी नुसताच उभा होता. लेस बांधत नव्हता, भाजीही ओळखली नाही.

"काल बाबा मले शोधत बाहेर पडले," तो म्हणाला. "अनवाणी. हातात माझा बूट. पार काटोल रोडपर्यंत गेले होते. एका आटोवाल्यानं आणून सोडलं. ट्रक असतात तिथं, गुंजन... आता बस झालं. उद्यापासून मी येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे पळणं बंद."

आणि मी? हे विचारायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण ज्याचे वडील रस्त्यावर सापडले त्याला असं कसं विचारायचं? मी म्हटलं, "बरं." तोही म्हणाला, "बरं." आणि तो पळत नाही, चालत गेला.

पुढचे काही दिवस नाल्यापाशी फक्त माझेच ठसे. दोन्ही सारखे, शहाणे, कंटाळवाणे. मला पळवेना. भाजीत मीठ दोनदा पडलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, डोक्यातला किडा काही मरत नव्हता. मुलानं जाऊ नये असं वाटतं, तर म्हातारा दोन्ही बूट का लपवत नाही? एकच का?

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. मी डब्यात पाटोडीचा रस्सा भरला आणि स्कूटी काढली. निळं फाटक सापडायला वेळ लागला नाही. दार प्रशिकनं उघडलं. त्याच्या हातात लाटणं होतं, नाकाला पीठ लागलेलं.

"गुंजन?"

"पाटोडी आहे. ओळखायची गरज नाही," मी म्हटलं, आणि सँडल दाराशी काढून सरळ आत शिरले. धीर होता तेवढ्यातच शिरायला हवं होतं.

आत खाटेवर पांढऱ्या सदऱ्यातले बाबा बसले होते. उशाशी दोन बूट, एक निळा, एक राखाडी. पुसून लख्ख केलेले, टाचा भिंतीला लावून ओळीत ठेवलेले. लपवलेली वस्तू कोणी अशी ठेवते काय?

"जय भीम, बाबा," मी म्हटलं.

"जय भीम, पोरी. ये, बस."

मी खाटेपाशी खालीच बसले. "बाबा, हा बूट कोणाचा?"

"आमच्या पोट्ट्याचा."

"मंग तुमच्यापाशी काहून?"

मागे प्रशिक कुजबुजला, "गुंजन, राहू दे न..." पण मी कुठली राहू देते!

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी आहे. "अवं, जोडा आपल्यापाशी असला की माणूस घ्यायले येतेच! कितीक गर्दी असो. लाख माणूस असो. जोडा ठेवला न, तर तो येतेच. अनवाणी जाईन कुठी?"

स्वयंपाकघरात तव्यावरची पोळी जळायला लागली होती.

"धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर," प्रशिक अगदी हळू म्हणाला, "आमच्या वस्तीचे लोक चपला सांभाळायले बसत. बाबा दरवर्षी. मी लहान होतो तवा..."

मलाही आठवलं! आजीचं बोट धरून मीही गेले होते की तिथं. गावोगावचे लोक, पांढरीशुभ्र गर्दी, आणि चपलांच्या ओळीमागे बसलेले ते काका लोक. चपला दिल्या की म्हणायचे, परत या बरं!

"त्याची माय, जयवंता, दोन्ही चपला घालून गेली," बाबा म्हणाले. "दवाखान्यात. मी म्हटलं नाही तिले, एक ठेवून जा म्हणून. लक्षातच आलं नाही मले."

प्रशिक दारातच खाली बसला. त्यानं लाटणं बाजूला ठेवलं आणि पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं. मी उठून गॅस बंद केला. बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसले, आणि या वेळी हात मीच दिला.

"ते तुले अडवत नव्हते," मी म्हटलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं मला कळलंच नाही. "तू परत यावा म्हणून ठेवून राहिले होते. तू चोरून जातो, त्यांना ठाऊकच नाही तू बूट ठेवून गेला. मंग शोधायले निघतील नाही तर काय? उद्या उठव त्यांना. हातात दे हा उशाचा बूट. म्हण, बाबा, हा सांभाळा, मी घ्यायले येतो. आणि काकूंना सांग तेवढा वेळ दाराशी बसायले. तू घरी आहे असं समजून त्या निवांत असतात न!"

"मी विचारलंच नाही कधी त्यांना," तो म्हणाला. "वर्षभर लपूनछपून पळालो, पण विचारलं नाही."

आम्ही तिघांनी पाटोडी खाल्ली. बाबांनी दोनदा मागितली. निघायला उठले तर दाराशी माझी एकच सँडल! मी वळून पाहिलं. खाटेच्या उशाशी तिसरा नग आला होता. सदऱ्याच्या टोकानं बाबा माझी सँडल पुसत होते.

"बाबा!" प्रशिकचे कान असे लाल झाले की विचारू नका. "पाहुणीची आहे ती..."

"राहू दे," मी म्हटलं.

एका पायात माझी सँडल, दुसऱ्या पायात त्याची मोठी स्लिपर, अशी मी घरी आले. आई दारात मेथी निवडत होती. तिनं आधी माझे पाय पाहिले आणि मग चेहरा. मी सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. ती देठं मोडत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "सकाळी पळू देतील काय पण तुले ते लोक?"

"आई, त्यांचं पोट्टंच पळते!"

दुसऱ्या दिवशी नाल्यापाशी पोचले तेव्हा छातीत धडधडत होतं, आणि अजून चढ लागलाच नव्हता. खाली पाहिलं. चौकड्यांचा डावा. नागमोडी उजवा. आणि त्यांचा मालक दगडावर बसून लेस बांधत होता.

"बाबांनी स्वतः दार उघडून दिलं," तो म्हणाला. "म्हणाले, परत ये बरं!" त्यानं लेस सोडली, पुन्हा बांधली. "आज मेथी... आणि बाबांनी तुले निरोप दिला आहे. तुझी सँडल सांभाळून ठेवली म्हणे. तर... घ्यायले कधी येशील?"

एवढा उंच माणूस, पण वर बघायची हिंमत होत नव्हती त्याची.

"ती घ्यायले नाही येणार मी," मी म्हटलं.

लेसवरची त्याची बोटं थांबली.

"दुसरी ठेवायले येणार आहे."

त्यानं मान वर केली... आणि तो काही बोलायच्या आत मी पळत सुटले, कारण माझेही कान तापले होते आणि ते त्याला दिसायला नको होते. मागून त्याची पावलं आली, जवळ आली, आणि माझ्या पावलांशेजारी पडायला लागली.

"एक दिवस तू पळ, एक दिवस मी," तो धापा टाकत म्हणाला. त्या चढावर त्यालाही बोलता येत नव्हतं तर! "जो घरी राहीन, तो चहा करीन. आणि रविवारी बाबालेही घेऊन येऊ. खाली बसतील, आपल्या चपला सांभाळत."

"चहात साखर कमी," मी म्हटलं. आणि आम्ही वळण घेतलं, कारण घरी डबे भरायचे होते.