तहसीनची कडी

चहा घ्या पोरांनो, आणि ते दार लोटून घ्या. तहसीनचं सांगतो. हो, तोच, आमच्या वरच्या गुलीझारकाकूचा दीडशहाणा मुलगा. इस्तंबूलला राहून आला आणि आईशी आपल्या लाझी बोलीत बोलायची त्याला लाज वाटायला लागली. काकूची नमाज तेवढी अरबीत, बाकी सगळं लाझीत. म्हातारी विचारायची, "जेवलास का रे?" हा शहरी बायकोसमोर नाक मुरडून तुर्कीत म्हणायचा, "मला कळत नाही." तिच्याच हातची मक्याची भाकरी खाऊन वाढलेला हा!

तिच्या चुलीवरची, हंडा अडकवायची ती टांगती साखळी तुम्ही पाहिलीय. त्या घरात मुलगा झाला की साखळीत त्याच्या नावाची कडी चढवायची. तहसीनची कडी बापानं होडीच्या जुन्या नांगरातून घडवून घेतली होती, सगळ्यांत जाड. काकू मरताना एवढंच म्हणाली, "साखळी उतरवू नकोस."

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. काकूला घराशेजारी, चहाच्या मळ्याच्या कडेला पुरलेलं. चाळिसाव्या दिवसाची दुवाही झाली नव्हती. यानं साखळी उतरवली, पिकअपमध्ये टाकली, घराला कुलूप घातलं आणि निघाला. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याला ती भिंतीवर लावायची होती. पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून! आईची चूल, आणि फोटो. थू.

रात्रीची नमाज होऊन गेलेली. बारीक पाऊस. पुलाच्या वळणावर मागे साखळी खळखळली. मग बाईचा आवाज. लाझीत.

"कुणाचा रे तू?"

आपल्याकडे रस्त्यात पोर दिसलं की म्हाताऱ्या हेच विचारतात. आईचं नाव सांगायचं, संपलं. पण याची मिजास! सवयीनं तुर्कीत म्हणाला, "मला कळत नाही."

आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं...

"कुणाचा रे तू?" आता खिडकीशी. गाडी तर चालतच होती.

"कळत नाही म्हटलं ना!"

मग अगदी कानाशी. हळू. जेवायला हाक मारावी तसं... "कुणाचा रे तू?"

आवाज ओळखला होता त्यानं. एक नाव घ्यायचं होतं. एकच.

"कळ... कळत नाही."

"बरं," ती म्हणाली.

मग काही नाही. नुसता पुलाखालच्या नदीचा आवाज.

पहाटे माझ्या दारात उभा. तोंड पांढरंफटक. "काका, वर चला ना." लाझीत! आता आठवली मेल्याला.

गेलो. कुलूप होतं तसंच. त्यानंच उघडलं. आत चुलीवर साखळी टांगलेली... हात लावला तर गरम. आजाची कडी, बापाची कडी, सगळ्या एकात एक. त्याची नव्हती.

ती खाली पिकअपमध्ये पडली होती. मी स्वतः हातात फिरवून पाहिली. ना कापलेली, ना उघडलेली.