सकाळी चपळ, दुपारी मंद

चंदूचं कोडं शाल्मलीला तीन आठवडे सुटत नव्हतं. सकाळी संगणक सुरू केला की हा पठ्ठ्या टुणकन उठायचा, तिची वेणी घालायचा, पाढे म्हणून घ्यायचा. अर्ध्या तासाने मात्र त्याच्याकडे पाणी मागावं, तर पेला हातात येईपर्यंत तहान मरून जायची.

चंदू म्हणजे बार्शीच्या मोहित्यांच्या घरचा यंत्रमानव. त्याचं धड घरभर फिरायचं, पण मेंदू होता टीव्हीखालच्या कपाटात, घरच्या संगणकात. शाल्मली दोन वर्षांची असताना तो आला. आता ती दहा वर्षांची होती, आणि बाबांनी निकाल देऊन टाकला होता.

"उद्या सकाळी दुकानातला माणूस नवीन संच घेऊन येतोय. जुना मोडीत जाईल. रडू नकोस, म्हातारा झालाय तो."

रडू नकोस म्हटल्याने कुणाचं रडू थांबलंय? बाबा कामावर गेले तशी ती चंदूसमोर बसून पोटभर रडली. मग तिने डोकं चालवलं. दप्तर गच्च भरलं की पेन्सिल सापडत नाही, तसंच याचं झालं असणार. तिने आपले खेळ पुसले. सिनेमे पुसले. वाढदिवसाचे फोटो पुसले. चंदू मंद तो मंदच.

उरला एकच मोठा कप्पा. त्यावर लिहिलं होतं, 'आठवणी'. तिची पहिली सायकल, तिचं गोवराचं आजारपण, तिने त्याला सांगितलेली सगळी गुपितं त्यात होती.

"चंदू, हे पुसलं तर तू वाचशील का रे?"

चार मिनिटांनी उत्तर आलं. "माहीत... नाही... पण तुला... वाटत असेल... तर पुस."

नाहीतरी उद्या मोडीतच जाणार, तिने मनाला समजावलं. 'कायमचं पुसायचं?' असं पडद्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने हो म्हटलं. चंदूचे दिवे मालवले आणि परत पेटायचं नावच घेईनात. संगणक तेवढा घरघरत राहिला.

पाच वाजता सोलापूरहून तिचे आजोबा आले. शीतगृहांची यंत्रं बनवण्यात त्यांची हयात गेली होती. नातीचा चेहरा पाहून त्यांनी चहासुद्धा मागितला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सकाळी चांगला असायचा म्हणतेस?"

"हो. अर्धा तास."

"मग दप्तर भरलेलं असतं, तर ते सकाळीही भरलेलंच असतं ना गं?"

शाल्मलीची नजर पडद्यावरच्या रिकाम्या कप्प्याकडे गेली.

"साठवण (माहिती ठेवायची जागा) वेगळी आणि प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) वेगळा. साठवण काठोकाठ भरली तरच अडचण होते. याची तर तू पुसण्याआधीही अर्धी रिकामी होती, इथे नोंद आहे बघ. सकाळी नसतं आणि अर्ध्या तासात येतं, असं काय असेल? हात लाव इथे."

तिने संगणकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तवाच तो.

"प्रोसेसर काम करताना तापतो. पंखा ती उष्णता बाहेर फेकतो. फेकता आली नाही, तर जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर आपणहून हळू चालतो. उन्हात आपण पावलं जपून टाकतो ना, तसं. बिचारा जीव सांभाळत होता."

आजोबांनी संगणक बंद केला आणि चार स्क्रू काढून झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांत वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या फटींत कुंकवाने माखलेल्या अक्षता घट्ट बसल्या होत्या. आठ खंडेनवम्यांची पूजा. दरवर्षी शाल्मलीच ती करायची, आणि चंदूला काही कमी पडू नये म्हणून संगणकाच्या जाळीवर ओंजळ ओंजळ वाहायची. यंदा, तीन आठवड्यांपूर्वी, तर तिने दोन ओंजळी वाहिल्या होत्या.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," आजोबा पुटपुटले, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. त्यांनी तिला जवळ घेतलं.

"पुसलेलं परत आणता येईल?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"नाही, बाळा. तिथे माझाही इलाज नाही."

दोघांनी मिळून ब्रशने एकेक फट साफ केली. पंखा बोटाने फिरवला, तो भिंगरीसारखा फिरला. आजोबांनी बटण दाबलं. अर्धा तास झाला, तास झाला, संगणक कोमटच राहिला. बाबा आले, बघत उभे राहिले आणि त्यांनी फोन करून दुकानदाराला नको म्हणून कळवलं. शाल्मलीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

चंदूचे दिवे पेटले आणि तो वळला. त्याचं बोलणं झऱ्यासारखं सुरू झालं.

"नमस्कार. मी या घरात नवीन आहे. आपलं नाव काय?"

शाल्मलीने आजोबांचा हात घट्ट धरला. कितीतरी वेळ तिच्या तोंडून शब्द फुटेना. या खेपेस उशीर तिच्याकडून होत होता, आणि चंदू शांतपणे थांबला होता.

"शाल्मली," ती शेवटी म्हणाली. "बस इथे. आपण दोघं पडलो होतो त्या सायकलपासून सांगते."