रिकाम्या पिनवरचा निरोप

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला चीड आहे. तरी ही सांगतोय, कारण ती माझ्या सख्ख्या ताईवर गुदरली आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

शनिवारची दुपार होती. कंपनीच्या प्रयोगशाळेत ताई एकटीच, आणि समोर लिफ्टचा कंट्रोल बोर्ड.

याच बोर्डापायी भावोजी गेले होते.

चाचणीच्या दिवशी भावोजी लॅपटॉप घेऊन लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरले होते. ते खालून टाईप करणार, वायरीतून अक्षरं बोर्डाकडे जाणार आणि वर त्यांचे आणि ताईचे साहेब ती स्क्रीनवर वाचणार. साहेबांना दिसला नुसता अक्षरांचा कचरा. त्यांनी सरळ बटण दाबलं.

लिफ्ट खाली आली...

"सेटिंग तुझ्या नवऱ्याचं होतं," साहेब ताईला म्हणाले. "चूक त्याचीच. शोधून काढ आणि रिपोर्टवर सही कर."

जिभेला काही हाड? माणूस जाऊन महिनाही झाला नव्हता.

ताईने दातओठ खात काम सुरू केलं. बोर्डाचा सिरियल पोर्ट, म्हणजे अक्षरं येण्याजाण्याची वाट, चालू केला, वेग भरला. दोन्हीकडचा वेग जुळला तरच अक्षरं नीट येतात, नाहीतर कचरा. भावोजींचे आकडे तिने पुन्हा पुन्हा तपासले. बिनचूक होते.

आणि तेवढ्यात...

स्क्रीनवर अक्षरं उमटली.

कचराच होता. पण वायर तर तिने अजून जोडलीच नव्हती!

वायर न जोडलेली रिकामी पिन आजूबाजूच्या विजेचं काहीबाही पकडते, हे तिला ठाऊक होतं. तिने ती पिन व्होल्टेजला बांधून टाकली. आता तरी गप्प बसायला हवं.

अक्षरं येतच राहिली... तीच, त्याच क्रमाने.

ताई बोर्डावर वाकून बघू लागली. तेवढ्यात तिची नजर बोर्डावरच्या क्रिस्टलवर गेली. त्याच्याच ठोक्यावर सगळा वेग ठरतो. भावोजींनी सोळा मेगाहर्ट्झचा मागवला होता, हिशेबही सोळाचाच धरला होता. बसवलेला होता बाराचा. स्वस्तातला, साहेबांनी परस्पर बदललेला.

तिने बाराचा हिशेब भरला.

कचरा थांबला...

"थांबवा. मी खाली आहे."

"थांबवा. मी खाली आहे."

ताईने साहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी वाचलं. चेहरा पांढराफटक पडला, पण क्षणभरच.

"तूच टाईप केलंस हे. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आणि हा बाराचा क्रिस्टल? तोही मीच बसवला का?"

साहेब निघून गेले. संध्याकाळी रिपोर्ट गेला. चूक मयताची, सही साहेबांची. असल्या माणसांना अन्न गोड कसं लागतं, देव जाणे.

ताई जागची हलली नव्हती. निरोप येतच होता. शेवटी तिला राहवलं नाही. पाठवायची पिनही रिकामीच होती, तरी तिने टाईप केलं, "थांबवली."

निरोप बंद झाला.

मग एक ओळ आली.

"बरं झालं साहेब, तुम्ही वर होतात."

तो बोर्ड आता ताईच्या घरी आहे. चालूच असतो. तिला तो बंद करवत नाही, आणि खरं काय घडलं ते भावोजींना लिहवतही नाही. मी तिच्याकडे जातो, पण त्या खोलीत पाऊल टाकत नाही.