पहिल्या पर्वातलं हसू

दुसरबीडच्या थांब्यावर बस पंक्चर झाली, तेव्हा मला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडी शक्ती शिल्लक लागते. सिंदखेडराजाच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचं, ज्या वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा पंखे अधिक त्या वर्गात अलंकार समजावून सांगायचे आणि संध्याकाळी मेहकरला परतायचं – हा माझा दिनक्रम होता. वऱ्हाडी बोलीतल्या विनोदावर मी प्रबंध लिहिला होता. तो लिहून झाल्यापासून मला हसू येणं जवळजवळ बंद झालं होतं.

बाकीचे प्रवासी चहाच्या टपरीकडे गेले. मी कडुलिंबाखालच्या बाकावर बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण हातातल्या कागदांकडे बघून मोठ्यानं म्हणत होता,

"काय बे माय! मले भूक लागून राह्यली, बे!"

एकदा, दोनदा, मग गळा काढून. तिसऱ्यांदा मला राहवेना.

"आईला 'बे' कोण म्हणतं?"

त्यानं मान वळवली. डोळे थकलेले होते, पण त्या थकव्याच्या मागे कुणीतरी जागं होतं...

"कोनीच नाई, मॅडम."

"मग तुम्ही कुठले?"

"धाडचा. मुजम्मिल."

"धाडचे असून असं बोलता? मग तर अधिकच वाईट."

"माह्या अम्मीले मी 'बे' म्हटलं, तर भूक काय, जेवाले तोंडच राहनार नाई. पन लिहिनारा पुन्याचा हाय ना. तो म्हनते, 'बे' जितकं जास्त, तितकं वऱ्हाड जास्त."

"म्हणजे मिठासारखं."

"हाव. फक्त चाखून पाहाले कोनी तयार नाई." त्यानं कागद माझ्याकडे सरकवले. "तुमी पाहाल?"

मी पाहिले. पर्समधून लाल पेन काढलं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाच्या पर्समध्ये लिपस्टिक नसली तरी लाल पेन असतंच. बसचं चाक बदलून होईपर्यंत त्या कागदांवर काळ्याहून लाल अधिक झालं होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "इतकी वाईट परीक्षा मी धाडच्या शाळेतही नव्हती देल्ली."

"शाळेत मी तपासायला नव्हते."

"हाव... नाईतर मी मुद्दाम नापास झालो असतो."

हे वाक्य त्यानं बसकडे पाहत म्हटलं. मीही बसकडेच पाहत राहिले. दोघांनी मिळून एका पंक्चर चाकाकडे इतक्या आस्थेनं पाहिल्याचं उदाहरण विरळा असेल.

*

ते कागद एका नव्या दूरचित्रवाणी मालिकेचे होते: 'माइक चालू आहे'. मुंबईत स्टँड-अप कॉमेडी करणाऱ्या पोरापोरींची ही गोष्ट थोडी हसवणारी, थोडी रडवणारी असणार होती. तिचं पहिलंच पर्व, आणि मुजम्मिलचीही पहिलीच मोठी भूमिका. तो साकारत असलेला कॉमेडियन वऱ्हाडातला होता. गावाकडच्या गुलाब नावाच्या मुलीचे किस्से सांगून तो शहराला हसवायचा. गुलाबला लिफ्ट कळत नाही, गुलाबला काटा-चमचा कळत नाही. गुलाबला काहीच कळत नाही, हाच तिचा स्वभाव, आणि हाच मालिकेचा विनोद.

गावाकडच्या प्रसंगांचं चित्रीकरण मेहकरच्या एका मंगल कार्यालयात होणार होतं. मुजम्मिलनं माझं नाव सुचवलं आणि मी 'बोली सल्लागार' झाले. मला एक खुर्ची मिळाली. मी चुका दाखवायचे, मंडळी आदरानं मान डोलवायची, आणि कागदावर होतं तेच चित्रित व्हायचं. विद्वत्तेचा इतका सुसंस्कृत अपमान मी विद्यापीठातही अनुभवला नव्हता.

त्या कार्यालयातच प्रेक्षकांचं हसूही टिपून घ्यायचं होतं. पुढे मुंबईच्या क्लबातल्या प्रसंगांखाली तेच घालायचं ठरलं होतं. गावातले लोक बोलावले. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, लग्नात बसतात तसे. विनोद झाले, माणसं हसली. ध्वनिमुद्रण करणारा शेखर मात्र कानावरचा हेडफोन काढून हवालदिल झाला.

"बायकांचं हसू येतच नाहीये!"

येणार कसं? आमच्याकडे बाई हसते तेव्हा तिचा हात आपोआप वर जातो. पदर, ओढणी, काही नाही तर नुसता तळवा, आणि हसू त्याच्या आड. खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं, आवाज मात्र येत नाही. शेखरनं विनवणी केली, "ताई, तोंडावरचा पदर काढून हसा ना जरा."

पहिल्या रांगेतल्या कोकिळाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "काऊन रे बापू? हासू का परसाद हाय, साऱ्यायले वाटाले?"

सगळ्याजणी पुन्हा हसल्या. पदराआड.

मी या सवयीवर प्रबंधात एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. तिला मी 'दडपण' असं नाव दिलं होतं. कोकिळाबाईंनी ते वाचलं नव्हतं, हे त्यांचं सुदैव.

तेवढ्यात पत्र्याच्या छपरावर अवकाळी पाऊस आदळू लागला आणि काम थांबलं. लोक पडवीत गेले. मी खुर्चीतच राहिले, आणि मुजम्मिल रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसला. पाऊस पाहता पाहता ओसरला; पत्र्यावर मागे राहिलेले थेंब – एक... मग थांबून दुसरा...

"तुमी काऊन नाई हासत?" त्यानं विचारलं.

"हसण्यासारखं अजून काही झालं नाही."

"मी इतके दिवस काय करून राह्यलो मंग?"

"प्रयत्न."

तो म्हणाला, "अब्बूले सांगतलं, मी कॉमेडियन झालो. त्यायनं इचारलं, म्हंजे काय? मी म्हटलं, लोक मले हासतात. अब्बूनं लई इचार केला. मंग म्हने – त्याच्यासाठी मुंबईले काऊन गेला? इथं काय कमी हासत होते?"

त्याचा आवाज विनोद सांगण्याचा नव्हता. बापाचा तो भाबडा, गंभीर चेहरा त्याच्या चेहऱ्यावर असा काही उतरला की... मी हसले. प्रबंध, पदव्या, तासिका, सगळं विसरून हसले, आणि माझा हात वर गेला नाही.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. पत्र्यावर आणखी एक थेंब पडला. "हे..." तो म्हणाला, "हे पुन्हा ऐकाले मिळन का?"

"ते तुमच्या कामगिरीवर अवलंबून आहे," मी म्हटलं. आवाज मात्र परीक्षकाचा निघाला नाही.

त्याच्या कॉलरला लावलेला माइक चालू होता, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

*

चित्रीकरण संपलं, तो मुंबईला गेला आणि फोन सुरू झाले. मी उत्तरपत्रिका तपासता तपासता त्याचं ऐकायचे. "किती नापास केले आज?" तो विचारायचा. "तुमच्यासारखे फारसे सापडत नाहीत," मी म्हणायचे. थकव्याला कुणीतरी सोबत केली की तो अर्धाच उरतो, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडलं नव्हतं.

मालिकेचा पहिला भाग रविवारी संध्याकाळी लागला. माझे अब्बा – जब्बार घड्याळवाले म्हणून त्यांना मेहकर ओळखतं – माझ्या शेजारी बसून एका बंद पडलेल्या घड्याळात डोकं घालून होते. पडद्यावर मुंबईचा क्लब होता, मुजम्मिल माइकसमोर उभा होता. गुलाबनं लिफ्टला हात जोडले, असा किस्सा त्यानं सांगितला. पुरुष हसले. आणि त्या हशावर एका बाईचं हसू उमटलं, मोकळं आणि गळ्यातून आलेलं.

अब्बांनी मान वर न करता विचारलं, "बेटा, हासली काऊन?"

माझे ओठ मिटलेले होते.

"मी नाही हसले, अब्बा."

आता त्यांनी मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "लेकीचा आवाज बापाले कळत नाई का?"

पुढचा किस्सा, पुन्हा तेच हसू. या वेळी मी नीट ऐकलं. हसण्याच्या शेवटाला, अगदी बारीक, पत्र्यावर एक थेंब पडत होता. मुंबईच्या त्या वातानुकूलित क्लबात मेहकरचा पाऊस गळत होता.

त्या अख्ख्या पर्वासाठी त्यांच्याकडे बाईचं एकच हसू होतं. माझं. माझ्या बोलीची, माझ्या मुलुखाची टिंगल होईल तिथे तिथे ते चिकटवलं होतं. गुलाबला काही कळत नाही, यावर सगळ्यांत आधी मीच हसत होते. जिनं त्या बोलीच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्यातली उमेदीची वर्षं खर्च केली, तिनंच.

मी फोन लावला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. स्टुडिओत ऐकलं तवा कळलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"सांगनार होतो... पन रोज तिथं जाऊन ऐकाले मिळत होतं ना, ताहेरा. परक्या शहरात दिवसभर तुमचं हासू. ते लोक ते हासू कशाखाली लावून राह्यले, ते मी पाह्यलंच नाई."

"मी तेवढंच पाहिलं," मी म्हटलं. "माझं हसू मला परत हवं आहे. ते मी गुलाबला नाही, तुमच्या अब्बूंना दिलं होतं."

"बाकीचे भाग तयार होऊन गेले. शेवटच्याचंच आवाजाचं काम बाकी हाय. आन् दुसऱ्या पर्वात कोनाले ठेवायचं ते आताच ठरून राह्यलं... या टायमाले मी भांडलो, तर –"

"तर मी समजू शकते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. समजू शकणं हा सुशिक्षितांचा सूड घेण्याचा प्रकार आहे.

नंतर त्याचे फोन मी घेतले नाहीत. दर रविवारी मात्र टीव्ही लावत राहिले, जखमेवरची खपली पाहावी तसा. दर रविवारी मी पडद्यात हसायचे आणि पडद्याबाहेर गप्प बसायचे. कोकिळाबाई रस्त्यात भेटल्या. "त्या मालिकेत एक बाई लई हासते बाप्पा," म्हणाल्या. मी 'दडपण' या शब्दाचा पुनर्विचार करत घरी आले. त्या सगळ्याजणींतून हसू चोरीला गेलं ते एकाच बाईचं. पदर न वापरणारीचं.

*

शेवटचा भाग आला. तोच क्लब, तोच मुजम्मिल. गुलाब पहिल्यांदा विमानात बसते, तो किस्सा. मी ओठ घट्ट मिटून घेतले. पुरुष हसले... आणि त्यांच्या हशावर काहीच उमटलं नाही. पुरुषांचा हशाही हळूहळू विरत गेला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबला होता. एका बाईच्या हसण्याला पुरेल एवढी जागा तशीच रिकामी सोडलेली होती.

त्या शांततेत पत्र्यावर एक थेंब पडला. मग, थांबून, दुसरा.

अब्बांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "आज आवाज गेला का टीव्हीचा?"

"नाही, अब्बा," मी म्हटलं. "आज आला."

वर्तमानपत्रात एका समीक्षकानं त्या शांततेला 'शहरी एकाकीपणाचं धाडसी रूपक' म्हटलं. समीक्षकांना माफ करणं मी तेव्हापासून शिकले. त्या थेंबांचा अर्थ ठाऊक असलेली अख्ख्या महाराष्ट्रात दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्या पर्वातून वगळण्यात आलं होतं. हे मला शेखरनं कळवलं. माझं हसू काढून टाकण्यावरून स्टुडिओत मोठी वादावादी झाली, मुजम्मिल अडून बसला आणि 'अडचणीचा माणूस' ठरला. थेंब ठेवायचे, ही अटही त्याचीच.

मी त्याला फोन केला नाही. एवढाच निरोप पाठवला: 'दुसरबीड. कडुलिंबाखाली. माझी बस संध्याकाळी येते.'

तो धाडहून जीपा बदलत आधीच येऊन बसला होता. बाकाच्या त्याच टोकाला. पूर्वीपेक्षा वाळलेला, दाढी वाढलेली. मी दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये कडुलिंबाची पिवळी पानं.

"अब्बू काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हनतीन? म्हने, मुंबईतले हासायचे थांबले, म्हनून वापस आला का?" तो जमिनीकडे पाहत होता. "मी म्हटलं, नाई. एक हासायची थांबली, म्हनून आलो."

मी बाकावरचं एक पिवळं पान उचलून परीक्षकाच्या बारकाईनं तपासू लागले.

"तर अब्बू म्हने, एक? एका गिऱ्हाइकावर दुकान चालवतो का तू?"

या वेळी हात वर गेला. आपोआप, ओढणीसकट. माझे खांदे हलत होते, डोळे भरून आले होते, आणि सगळं हसू त्या सुती कापडात जिरत होतं.

त्यानं मान तिरपी करून ऐकायचा प्रयत्न केला. मग त्याचा चेहरा पडला. "आता काऊन लपवता? मी वापस केलं ना... पाहा, माइकही नाई." त्यानं सदऱ्याची कॉलर उलटी करून दाखवली.

"म्हणून तर," मी ओढणीआडून म्हटलं. "हे वाटायचं हसू नाही. हे जवळ बसणाऱ्यालाच ऐकू येतं."

रस्त्यावर मला घरी नेणारी पुढची बस येऊन थांबली. कंडक्टरनं 'मेहकर, मेहकर' असा पुकारा केला, घंटी वाजवली, आणि बस निघून गेली.

मुजम्मिल मधली पानं बाजूला सारत माझ्या शेजारी सरकला. त्यानं कान जवळ आणला आणि डोळे मिटून ऐकू लागला.